बाईक रस्त्यात बंद पडली तर कोण येणार? दुचाकीसाठी रोडसाइड असिस्टन्स निवडताना

दुचाकीचा विमा ऑनलाइन रिन्यू करताना पैसे भरायच्या जरा आधी एक चौकट येते: ‘रोडसाइड असिस्टन्स जोडायचा का?’ बाजूची रक्कम बहुतेक वेळा एका टाकी पेट्रोलपेक्षाही कमी असते. कोणी न वाचता टिक करतं, कोणी न वाचता सोडून देतं. नक्की काय घेतलं किंवा काय सोडलं याचा उलगडा मग आंबा घाटात, भर पावसात, चेन तुटल्यावर होतो.

पहिल्यांदाच गाडी घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. इतकी वर्षं गावातल्या गावात फिरून आता बाईकवरून कोकणात किंवा गोव्याला जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठीही आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. रोडसाइड असिस्टन्सच्या (यापुढे नुसतं आरएसए म्हणू) जाहिरातीत दहा-बारा सेवांची यादी असते. ती यादी मुळात चारचाकीच्या हिशेबाने केलेली आहे: हॉटेलात मुक्काम, पुढच्या प्रवासाला टॅक्सी, स्टेपनी बदलून देणं. आजच्या कुठल्या बाईकला स्टेपनी असते? ती गेली जुन्या चेतक आणि वेस्पाबरोबर. बाईकवाल्याच्या खऱ्या उपयोगाची सेवा एकच: बंद पडलेली गाडी कोणीतरी टेम्पोत घालून गॅरेजपर्यंत नेणं. त्यामुळे सेवा मोजत बसू नका. टेम्पो कुठपर्यंत येईल आणि कुठपर्यंत नेईल, एवढं बघा.

विमा आहे, मग मदतही असेलच ना?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. तो नसताना पकडलं गेलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आणि पुन्हा सापडलात तर ४,०००. पण हा विमा तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी असतो. आपल्या गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर ‘ओन डॅमेज’चा भाग वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही मिळून जी पॉलिसी होते तिला शोरूमवाले ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, आणि गैरसमज या ‘फुल’ शब्दापासूनच सुरू होतो.

दुचाकीच्या या एकत्रित, म्हणजे ‘पॅकेज’ पॉलिसीचा ठरावीक छापील मजकूर एकदा शांतपणे वाचा. झीज आणि यांत्रिक किंवा विजेच्या भागांतला बिघाड यांचे पैसे मिळणार नाहीत, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. टायर-ट्यूबचं नुकसान गाडीच्या इतर नुकसानीबरोबर झालं असेल तरच धरतात, तेही निम्मं. अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत हलवायचा खर्च मिळतो खरा, पण दुचाकीसाठी त्या मजकुरातली मर्यादा आहे एका अपघाताला ३०० रुपये. आज ३०० रुपयांत टेम्पोवाला चावीसुद्धा फिरवत नाही.

त्याच मजकुरातली आणखी एक अट सहसा कोणाच्या लक्षात नसते. गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर पुरेशी काळजी न घेता ती बेवारस सोडून जायची नाही. दुरुस्तीआधीच ती चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान तुमच्या डोक्यावर. ‘गाडी इथेच राहू दे, उद्या सकाळी येऊन नेऊ’ असं रस्त्याच्या कडेला ठरवण्याआधी ही अट आठवा. गाडी रात्रीतून चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न याच अटीवरून येईल.

म्हणजे चेन, क्लच केबल, बॅटरी, पंक्चर या रोजच्या बिघाडांशी मूळ विम्याचा संबंध नाही. ती जागा आरएसए भरतं. तेसुद्धा दुरुस्तीचे किंवा पार्टचे पैसे सहसा देत नाही. येणाऱ्या माणसाची फेरी आणि गाडी नेण्याचा खर्च, एवढंच त्यात येतं.

पायरी १: आधीच हातात काय आहे ते तपासा

नवीन काही विकत घेण्याआधी घरातले कागद काढा. नवी गाडी घेताना बऱ्याच कंपन्या पहिल्या वर्षासाठी किंवा वॉरंटीच्या काळापुरतं आरएसए देतात, आणि ते सर्व्हिस बुकलेटच्या मागच्या एखाद्या पानावर पडून राहतं. शोरूममध्ये बिलात ‘ॲक्सेसरीज, हँडलिंग, आरएसए’ अशी रांगेत जोडलेली रक्कम असेल, तर तिच्याबद्दल वेगळी पावती आणि सदस्यत्वाचा क्रमांक मागून घ्या. क्रमांक नसेल तर हेल्पलाइनवर तुम्ही कोणीच नाही.

आता खरी मेख. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला एकदम ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढावा लागतो. ओन डॅमेजचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर पाच वर्षांनंतरची तारीख ठळक दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. हवालदाराने अडवलं तर ती तारीख चालतेही. पण ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपलेला असतो आणि त्याला चिकटवलेलं आरएसएही त्याच दिवशी गेलेलं असतं. गाडीला वर्ष उलटून गेलं असेल आणि मधल्या काळात तुम्ही काही भरलं नसेल, तर तुमच्याकडे आरएसए नाही असंच धरून चाला.

यावर उपायही आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो, आणि तो त्याच कंपनीकडून घ्यायची सक्ती नाही. मात्र फार उशीर करू नका. ओन डॅमेज संपून ९० दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट) जातो. पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढणारी ही सूट आरएसएच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठी असते.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचं आरएसए आपोआप तुमचं झालं असं समजू नका. विमा कंपनीला मालकी बदलल्याचं १४ दिवसांत कळवायचं असतं. स्वतंत्र योजना तर बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर होतच नाहीत. आरसीवर तुमचं नाव चढलेलं नसताना घाटात फोन केलात, तर पलीकडचा माणूस मालकाचंच नाव विचारणार.

पायरी २: तुमची गाडी कशी बंद पडेल?

सगळ्यांत जास्त विचार इथे करा, कारण कुठली सेवा कामाची आणि कुठली नुसती शोभेची, हे तुमच्या गाडीवर ठरतं.

सुरुवात टायरपासून. मॅग व्हील आणि ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर हा फारसा मोठा प्रश्न नाही. खिळा काढला, भोकात रबरी पट्टी घुसवली, हवा भरली की पंधरा-वीस मिनिटांत गाडी मार्गी लागते. आरएसएचा माणूस हे रस्त्यावरच करतो. तारांचं चाक आणि आत ट्यूब असेल तर चाक खोलावं लागतं, टायर रिमवरून उतरवावा लागतो, आणि मागचं चाक असेल तर चेनही आली. अशा वेळी ‘पंक्चर सेवा’ म्हणजे गाडी टेम्पोत घालून पंक्चरवाल्याकडे नेणं. योजनेत त्याला टोइंग (गाडी उचलून नेणं) धरतात की पंक्चर, हे विचारून घ्या. काही योजना स्पष्टच लिहितात की पंक्चर फक्त ट्यूबलेसचं. जुन्या पद्धतीची बुलेट किंवा क्लासिक चालवणाऱ्यांनी हा मुद्दा सोडू नये.

मग बॅटरी. पूर्वी बॅटरी बसली तरी किक होती, आणि किकने नाही जमलं तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का स्टार्ट होतं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि अनेकांची किकही गेली. या गाड्यांचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली असेल तर कितीही पळत ढकला, इंजिनापर्यंत पेट्रोलच पोहोचत नाही. गिअरलेस स्कूटर तर रचनेमुळेच धक्का मारून चालू होत नाही. म्हणून नव्या गाडीला जम्प स्टार्टची (बाहेरची बॅटरी जोडून गाडी चालू करून देण्याची) सेवा खरोखर कामाची आहे. जुन्या किकवाल्या स्प्लेंडरला तिची फारशी गरज नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरचं गणित वेगळंच. चार्जिंग संपलं तर कोणी बाटलीतून आणून देणार नाही, गाडी उचलूनच न्यावी लागते. इलेक्ट्रिक गाडीला योजना लागू आहे का, चार्जिंग संपणं हा ‘बिघाड’ धरतात का, आणि गाडी घरी किंवा चार्जिंगच्या जागी नेतात की फक्त कंपनीच्या सेंटरला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

पेट्रोल आणून देण्याची सेवा बहुतेक सगळीकडे असते. पेट्रोलचे पैसे मात्र सहसा आपणच द्यायचे. हरवलेल्या चावीसाठी ‘दुसरी चावी आणून देऊ’ म्हणतात, ते शहरातल्या शहरात. पुण्यातल्या घरातली चावी सावंतवाडीला कोणी आणून देणार नाही. लांब निघताना डुप्लिकेट चावी बरोबरच्या माणसाच्या खिशात ठेवली की ही सेवा लागतच नाही.

आणि आता रस्ता. घर ते ऑफिस सात-आठ किलोमीटर, वाटेत चार पंक्चरवाले आणि नाक्यावर तुमचा नेहमीचा मिस्त्री असेल, तर मी म्हणेन आरएसए घेऊच नका. मिस्त्रीचा नंबर हेच तुमचं कव्हर. महिन्यातून एकदा गावी जाणं, घाट ओलांडणं, रात्रपाळीहून मध्यरात्री एकटं परतणं किंवा वजनदार गाडी असणं, यातलं काही असेल तर मात्र घ्या. दोनशे किलोची बाईक चढावर एकट्याने अर्धा किलोमीटर ढकलून बघितलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

पायरी ३: कोणाकडून घ्यायचं

तीन दारं आहेत. विमा कंपनीचं ॲड-ऑन, म्हणजे विम्यालाच जादा पैसे भरून जोडलेलं आरएसए, सगळ्यांत स्वस्त पडतं, ओन डॅमेजबरोबर मिळतं आणि त्याच्याबरोबरच संपतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं आरएसए थोडं महाग असलं तरी गाडी त्यांच्याच सेंटरला जाते, आणि वॉरंटीतल्या गाडीला ते सोयीचं. तिसरं म्हणजे फक्त हाच धंदा करणाऱ्या कंपन्यांची स्वतंत्र वार्षिक योजना. नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्या जुन्या गाडीला बहुतेक वेळा हाच पर्याय उरतो.

प्रत्यक्षात तिन्ही दारांतून येणारा टेम्पो एकच असू शकतो. विमा कंपनी किंवा गाडीची कंपनी हे काम पुढे एखाद्या आरएसए कंपनीला देते, आणि ती कंपनी त्या-त्या तालुक्यातल्या टेम्पोवाल्याला फोन लावते. म्हणून मोठं नाव बघून जास्त पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

फरक पडतो तो तक्रारीच्या वेळी. ॲड-ऑन हा विम्याचा भाग असतो, त्यामुळे विमा नियामकाकडे दाद मागता येते. स्वतंत्र योजना हा नुसता सेवेचा करार असतो. तिथे ग्राहक कायद्याचा रस्ता धरावा लागतो.

आणखी एक. आपल्याकडचं आरएसए सहसा माणसाला नसतं, गाडीच्या नंबराला असतं. घरात दोन गाड्या असतील तर दोन योजना लागतील. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घेतलीत, तर तुमचं पुण्यातलं आरएसए तिथे उपयोगाचं नाही. भाड्याने देणाऱ्याचा नंबर घेऊनच निघा.

पायरी ४: बारीक अक्षरं, पण नेमकी कुठली

अटींचं पत्रक वीस पानांचं असलं तरी त्यात शोधायच्या जागा थोड्याच असतात.

पहिली, टोइंगची मर्यादा. ‘जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपर्यंत, अमुक किलोमीटर मोफत’ अशी भाषा असते. ते किलोमीटर एका बाजूचे आहेत की टेम्पोच्या जाण्या-येण्याचे, हे बघा. टेम्पो पन्नास किलोमीटरवरून तुमच्यापर्यंत येणार असेल आणि मोजणी त्याच्या गॅरेजपासून सुरू होत असेल, तर तुमची गाडी उचलायच्या आधीच मर्यादा संपलेली असते. पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा दर लेखी मागा. घाट, टोल आणि रात्रीचे जादा पैसे कोणाकडे, हेही त्यातच विचारा.

दुसरी, सेवेचं क्षेत्र. ‘संपूर्ण भारतात’ असं पहिल्या पानावर असतं आणि आत कुठेतरी लिहिलेलं असतं की शहराच्या किंवा डीलरच्या ठिकाणापासून ठरावीक अंतरापर्यंत. नकाशा उघडा आणि तुमचा नेहमीचा रस्ता धरून बघा. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाट उतरलात की साखरपा लागतं. तिथून रत्नागिरी अजून पन्नासेक किलोमीटर आणि कोल्हापूर त्याहून लांब, वर घाट चढून. पन्नास किलोमीटरचं वर्तुळ असलेली योजना साखरप्याला येऊन दमते. ताम्हिणीचं तेच: मुळशी मागे पडल्यावर माणगाव येईपर्यंत मोठं सर्व्हिस सेंटर नाही आणि मोबाईलची रेंजही जात-येत असते. लडाख किंवा ईशान्येकडचा बेत असेल तर वगळलेल्या भागांची यादी वाचाच.

तिसरी, वर्षातून किती वेळा. बऱ्याच योजनांत सेवांची संख्या ठरलेली असते आणि पंक्चरही त्यातच मोजतात. इथे मी एक फुकटचा सल्ला देतो. शहरातल्या पंक्चरसाठी आरएसए खर्ची घालू नका, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला द्या. टोइंग लांबच्या प्रवासासाठी राखून ठेवा.

चौथी, योजना सुरू कधी होते. स्वतंत्र योजना पैसे भरल्याबरोबर लागू होतात असं नाही, काहींना मध्ये काही दिवस जावे लागतात. शुक्रवारी रात्री घेऊन शनिवारी पहाटे निघणाऱ्यांची इथे गोची होते. गणपतीला बाईकने गावी जाणार असाल तर पावसाळा सुरू होतानाच हे काम उरकून टाका.

पाचवी, नकाराची कारणं. आरसीची मुदत संपलेली (खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते), विमा संपलेला, बदल केलेली गाडी, कच्च्या वाटेवर किंवा पाण्यात अडकलेली गाडी. किल्ल्याच्या पायथ्याशी, डांबरी सुटल्यावर लागणाऱ्या मातीच्या वाटेवर गाडी रुतली तर ‘जिथे आमचं वाहन पोहोचू शकत नाही’ हे वाक्य पुढे येतं.

आणि शेवटी, त्यांचं कोणी येऊ शकलं नाही तर? चांगल्या योजनेत अशा वेळी स्थानिक टेम्पो करून पावती दिली की ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळतात. मात्र त्यासाठी आधी हेल्पलाइनची मंजुरी लागते. कोकणच्या आणि मराठवाड्याच्या आतल्या रस्त्यांवर मला ही तरतूद बाकी सगळ्या यादीपेक्षा महत्त्वाची वाटते.

पायरी ५: पैसे भरायच्या आधी एक फोन

एजंट किंवा ॲपवरचा चॅट काहीही म्हणो, खरी परीक्षा हेल्पलाइनची. घ्यायच्या आधीच तिथे फोन करा. रात्री नऊ-दहानंतर केलात तर उत्तम, कारण माणूस उचलतो की नुसती गाणी ऐकवतात हेही कळतं. सुरुवात अशी करा: “नमस्कार, योजना घ्यायचा विचार आहे. समजा माझी बाईक रविवारी रात्री साखरप्याजवळ बंद पडली, तर तुम्ही काय कराल?” जागा तुमच्या रस्त्यावरची घ्या. मग एकेक विचारा:

– तिथे तुमचा माणूस कुठल्या गावाहून येईल, साधारण किती वेळात?
– बाईकसाठी वेगळा टेम्पो पाठवता की चारचाकीची क्रेन?
– गाडी फक्त कंपनीच्या सेंटरलाच नेणार की मी सांगेन त्या गॅरेजलाही?
– रात्री सेंटर बंद असेल तर गाडी कुठे ठेवणार? सकाळी हलवली तर ती दुसरी सेवा मोजणार का?
– मागे बसलेल्या माणसाची सोय काय?

चौथ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. रविवारी सर्व्हिस सेंटर बंद आणि आपली बाईक सोमवारपर्यंत कुठल्यातरी अनोळखी आवारात, हे टाळायचं असेल तर उत्तर आधीच माहीत हवं. ‘सर, सब हो जाएगा’ हे उत्तर धरायचं नाही. ईमेलवर लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी योजना बघा.

त्याच दिवशी आणखी एक फोन करा, तुमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या मधल्या गावातून बाईक आणायचे तो किती घेईल? हा आकडा आणि योजनेची रक्कम शेजारी-शेजारी ठेवली की निर्णय आपोआप होतो. योजनेच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरला आहे ना, तेवढं बघा.

पायरी ६: घेतल्यावर लगेच

हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ‘आ’वरून सापडेल असा साठवा, आणि एका कागदावर लिहून सीटखाली ठेवा, कारण फोनचीही बॅटरी जाते. सदस्यत्वाचा क्रमांक आणि चासी नंबर त्याच कागदावर. आरसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये चालतात, पण रेंज नसलेल्या जागी उघडतील असे फोटोही फोनमध्ये ठेवा.

सीटखाली एक क्लच केबल, एक प्लग, दोन फ्यूज आणि पाना-पकड असू द्या. ट्यूबलेसवाल्यांनी पंक्चर किट आणि छोटा हवेचा पंप घ्यावा. यांतल्या बऱ्याच बिघाडांत गावातला कुठलाही फिटर, पार्ट तुमच्याकडे असला तर, चहा होईपर्यंत गाडी चालू करून देतो. टेम्पोची वाट बघण्यापेक्षा हे कधीही बरं.

पायरी ७: आणि खरंच बंद पडली तर

गाडी रस्त्याच्या कडेला, वळणापासून लांब घ्या. इंडिकेटर चालू ठेवा, हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. कोणाला लागलं असेल तर आरएसए नंतर, आधी १०८ किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा नंबर चोवीस तास चालतो, आणि अडचणीच्या जागेतून गाडी बाजूला घ्यायला त्यांची मदत होते. ते काम रस्ता मोकळा करण्याचं, तुमच्या गॅरेजपर्यंत नेण्याचं नव्हे. अपघात झाला असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय गाडी खोलायला देऊ नका.

मुंबई-पुण्याच्या लोकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे हेल्पलाइनवर ‘मुंबई-पुणे हायवे, लोणावळ्याजवळ’ एवढंच सांगितलं तर टेम्पो एक्सप्रेसवेवर तुम्हाला शोधत फिरेल. ‘जुना हायवे’ हे शब्द आवर्जून वापरा. फोन उचलणारा बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. त्याला वडगाव सांगितलं तर मावळातलं, शेरी की बुद्रुक, हे कळणार नाही. तालुका, रस्त्याचं नाव आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. रेंज नसेल तर गाडीपासून फार लांब जाऊ नका. जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला किंवा गाडीवाल्याला हाच मजकूर आणि हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. पुढच्या गावातून ते फोन लावतात. तक्रार क्रमांक मात्र मागून घ्यायला सांगा.

कोणी मित्र ‘टोचन करून नेतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. चारचाकीला दोर बांधून ओढतात तसं बाईकला करणं म्हणजे वळणावर दोघांनीही पडायची तयारी. मागून पाय लावून ढकलत नेणं सपाट गल्लीत ठीक, घाटात नको.

टेम्पो आला की लगेच गाडी चढवू देऊ नका. आधी चारही बाजूंनी फोटो घ्या, टाकी आणि मीटरचा जवळून. बहुतेक वेळा छोटा हत्ती येतो, फळी लावून दोघे-तिघे गाडी वर घेतात. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवून सरळ ठेवायला सांगा. चढवणारी मंडळी सवयीने दोर हँडलच्या टोकांना किंवा आरशाला गुंडाळतात; पहिल्याच स्पीडब्रेकरला लिव्हर वाकते. दोर हँडलच्या खाली, पुढचे शॉकअप जिथे एकत्र धरलेले असतात त्या जाड लोखंडी भागाला दोन्ही बाजूंनी घालायचा आणि शॉकअप थोडे दबेपर्यंत ताणायचा. मागे कॅरिअरला किंवा धरायच्या दांड्याला असेच दोन. गाडी साइड स्टँडवर ठेवून बांधली तर खड्ड्यात सगळा भार त्या एका काडीवर येतो, म्हणून स्टँड वर. गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि जुनी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद. दोर टाकीला घासत असेल तिथे गोणपाट किंवा तुमचा रेनकोट घाला. हे सांगताना टेम्पोवाला ‘दादा, रोजचं काम आहे आमचं’ म्हणतो. हसून होकार द्या आणि तरी उभं राहून बांधून घ्या.

गाडी उतरवल्यावर पुन्हा बघा, मगच त्याच्या कागदावर सही करा. त्याने रोख पैसे मागितले तर देण्याआधी हेल्पलाइनला फोन लावून त्याच्यासमोरच विचारा, आणि द्यावे लागले तर पावती घ्या. यूपीआयने दिलेले उत्तम, नोंद राहते. आरएसए वापरल्याने सहसा नो क्लेम बोनस जात नाही, त्यामुळे त्या भीतीने फोन टाळू नका.

कोणी आलंच नाही तर

तक्रार क्रमांक, फोनची वेळ, आलेले मेसेज आणि स्वतःच्या खिशातून केलेल्या टेम्पोची पावती, एवढं एकत्र ठेवा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला ईमेल करा. ॲड-ऑन विमा कंपनीचं असेल आणि उत्तर पटलं नाही, तर ‘बीमा भरोसा’ या विमा नियामकाच्या पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबईप्रमाणे पुण्यातही कार्यालय आहे. स्वतंत्र योजना असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. टेम्पोच्या भाड्याएवढ्या रकमेसाठी ग्राहक आयोगापर्यंत कोणी जात नाही हे कंपन्यांना ठाऊक असतं, पण १९१५ वर नोंद झाली की बऱ्याचदा फोन त्यांच्याकडूनच येतो. तेव्हा तोंडी तडजोड करू नका, किती रक्कम आणि कधी, हे ईमेलवर घ्या.